पेरूवरची मादी: नवी प्रजाती जाहीर न करण्याचं एक प्रकरण

सप्टेंबर २०२२. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात पर्णकीटकाची एक जिवंत मादी येऊन दाखल झाली. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली आमची एक विद्यार्थिनी गणपतीला गावी, दोडामार्ग तालुक्यात गेली होती. तिथे मामाच्या परसातल्या पेरूवर ती सापडली. मामांनी हाक मारली ती अशी: "अगो, ह्यां पान चलता बघ!" मग फरसाणाच्या डब्याला भोकं पाडून, पेरूच्या डहाळीसकट ही मादी तुतारी एक्स्प्रेसने दादरला उतरली. आम्ही हाताशी होती ती सगळी वर्णनं काढून ताडून पाहिली. ती कुठेच चपखल बसेना. तेव्हा प्रश्न उभा राहिला: हिला नवी प्रजाती म्हणून नाव द्यायचं का?

मी त्या विभागात शिकवते, आणि संग्रहाच्या कपाटांच्या किल्ल्याही माझ्याकडेच असतात. पुढच्या वर्षभरात जे घडलं ते इथे सविस्तर मांडते आहे, कारण 'नवी प्रजाती सापडली' अशा बातम्यांमध्ये सापडणं आणि वर्णन करणं एकाच दमात उरकलेलं असतं. प्रत्यक्षात या दोन गोष्टींत बरंच अंतर आहे, आणि पर्णकीटकांच्या बाबतीत तर ते छाती दडपवणारं आहे.

प्राणी मुळात कसा आहे

पर्णकीटक हे काडीकिड्यांच्या गणातलं, म्हणजे फॅस्मॅटोडियातलं, एक छोटं कुल. शास्त्रीय नाव फिलिइडी. सेशेल्सपासून भारत, आग्नेय आशिया, न्यू गिनी करत थेट फिजीपर्यंत यांचा पसारा आहे, आणि वर्णन झालेल्या प्रजाती शंभराहून अधिक आहेत. जर्मनीतल्या मेसेल इथे सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीचा एक पर्णकीटक जीवाश्म रूपात मिळाला. २००७ मध्ये त्याचं वर्णन झालं तेव्हा दिसलं की त्याचा आकार आजच्या नरांसारखाच पानासारखा पसरट आहे. म्हणजे पान होण्याची ही कला बरीच जुनी.

आमच्या प्रकरणात कळीचं ठरलं ते मात्र वेगळंच वैशिष्ट्य. नर आणि मादी एकमेकांसारखे दिसतच नाहीत. मादी मोठी, रुंद, जड. तिच्या पुढच्या पंखांवर पानाच्या शिरांसारखं जाळं असतं आणि ते पंख मिटून पोटावर पडले की मधोमध पानाची मुख्य शीर उमटते. तिला उडता येत नाही. मिशा इतक्या आखूड की नवख्याला दिसत नाहीत. नर सडपातळ, लांब मिशांचा, पारदर्शक मागच्या पंखांनी उडणारा. तो आडदांड मादीच्या शोधात रात्री हिंडतो, दिव्यावर येतो, आणि लवकर मरतो. दोघं वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी माणसाच्या हाती लागतात. संग्रहालयातही ते वेगवेगळ्या पेट्यांत जाऊन पडतात, आणि मग त्यांची नावंही वेगवेगळी पडतात.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण न्यू गिनीतलं. तिथले नॅनोफिलियम या वंशाचे पर्णकीटक १९०६ पासून माहीत होते, पण शंभराहून जास्त वर्षं सापडले ते फक्त नर. त्याच प्रदेशातल्या काही मोठ्या माद्या दुसऱ्याच वंशात, फिलियममध्ये, सुखाने नांदत होत्या. २०१८ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलच्या कीटकालयात अशाच एका मादीची न्यू गिनीहून आलेली अंडी उबली, पिल्लं वाढवली गेली, आणि प्रौढ झाल्यावर त्यांतले नर नॅनोफिलियम निघाले. २०२० मध्ये तो शोधनिबंध आला आणि दोन वंशांचा एक संसार झाला. शतकभर जे कोडं संग्रहालयातल्या वाळलेल्या नमुन्यांवरून सुटलं नाही ते पानं खाणाऱ्या काही जिवंत पिल्लांनी सोडवलं.

ही हकिकत मी विभागाच्या पहिल्याच बैठकीत सांगितली. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे जण घड्याळाकडे बघत होते.

घाई कुठून आली

घाईला कारणं होती आणि ती सगळीच काही वाईट नव्हती. विद्यार्थिनीला पीएच.डी.च्या प्रवेशासाठी एक शोधनिबंध हवा होता. महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी समिती येणार होती आणि अहवालातल्या 'संशोधन' या रकान्यात काहीतरी चमकदार असावं असं वरच्यांना वाटत होतं. शिवाय नव्या प्रजातीची बातमी मराठी वर्तमानपत्रं आवडीने छापतात. २०२१ मध्ये ठाणे परिसरातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला शहीद तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ आयसियस तुकारामी हे नाव दिलं गेलं, तेव्हा ती बातमी घरोघरी पोचली होती. आमच्या विद्यार्थिनीच्याही मनात नाव तयार होतं: तिच्या आजीचं. स्त्रीच्या नावावरून प्रजातीचं नाव करायचं तर शेवटी '-ए' हा प्रत्यय लागतो, पुरुषाचं असेल तर '-आय'. हे तिने मला विचारण्याआधीच वाचून ठेवलं होतं.

"मॅडम, आपण थांबलो आणि दुसऱ्या कुणी आधी छापलं तर?" असं ती म्हणाली. प्रश्न रास्त होता. प्राण्यांच्या नामकरणात जो आधी छापतो त्याचं नाव टिकतं. पुढे काय झालं ते पाहता तिची भीती अगदीच पोकळ नव्हती, ते खाली येईलच.

विभागप्रमुख सरांचं म्हणणं व्यवहारी होतं: "नियम पाळून वर्णन करा, पाठवून द्या. चुकलं तर पुढचा दुरुस्त करेल." यावर आमचा बराच वाद झाला. वादाचा मुद्दा नियमांचाच होता, म्हणून तो जरा उलगडून सांगते.

नियम काय मागतात, आणि काय मागत नाहीत

प्राण्यांच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय नियमसंहिता आहे. तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. नव्या प्रजातीसाठी ती जे मागते ते आश्चर्य वाटावं इतकं थोडं आहे. लॅटिन लिपीत नियमाप्रमाणे बनवलेलं नाव. इतरांपासून वेगळेपण सांगणारं वर्णन. एक नमुना 'होलोटाइप', म्हणजे ते नाव ज्याच्याशी कायम बांधलेलं राहतं असा, म्हणून स्पष्टपणे नेमणं आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला आहे हे लिहिणं. निबंध फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात येणार असेल तर झूबँक या नोंदवहीत आधी नोंद. बास. नर हवा, अंडं हवं, डीएनए हवा, किमान इतके नमुने हवेत, असं संहिता कुठेही म्हणत नाही. २०१५ मध्ये तर दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीचं वर्णन नमुना हाती नसताना, केवळ छायाचित्रांवरून केलं गेलं. त्यावर जगभर वाद पेटला, आणि २०१७ मध्ये ही संहिता सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने अशा वर्णनांसाठी जास्तीच्या शिफारशी काढल्या. पण ते नाव ग्राह्य राहिलं.

संहिता नावाची व्यवस्था लावते. त्या नावामागची प्रजाती खरोखर वेगळी आहे का, यात ती पडत नाही; ते ठरवणं वर्णन करणाऱ्याच्या जिवावर सोडलेलं आहे. म्हणून सरांचं 'नियम पाळून' हे म्हणणं बरोबर असूनही अपुरं होतं. एकदा छापलेलं नाव मागे घेता येत नाही. चुकलं तर ते दुसऱ्या नावाचं पर्यायी नाव (सिनॉनिम) म्हणून यादीत कायम राहतं, आणि पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला त्या एका मादीपर्यंत जाऊन, ती नक्की काय होती हे पुन्हा तपासावं लागतं. 'पुढचा दुरुस्त करेल' म्हणजे प्रत्यक्षात कुणीतरी आपल्या आयुष्यातले कित्येक महिने आपल्या घाईपायी घालवेल. मला हे स्वस्तातलं औदार्य वाटतं.

उलट टोकाची वाटही होती. 'बायोक्युलेटम' असं लेबल लावायचं आणि मोकळं व्हायचं. १८३२ मध्ये दिलेलं हे नाव इतकं सोयीचं ठरलं की भारत, श्रीलंका, मलाया, जावा, कुठलाही त्या ठेवणीचा पर्णकीटक दिसला की वर्षानुवर्षं त्याच्यावर हेच लेबल चिकटवलं गेलं. १९व्या शतकात कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये बसून जेम्स वुड-मेसन यांनी वेस्टवुडी या प्रजातीचं वर्णन केलं (१८७५), त्यानंतर भारतातल्या पर्णकीटकांकडे कुणी सलग, चिकाटीने बघितल्याचं फारसं दिसत नाही. जुन्या नोंदी एकमेकींवर रचत गेल्या. आळसाने जुनं नाव लावणं आणि हौसेने नवं देणं, दोन्हींत नमुन्याकडे नीट पाहायचं राहूनच जातं.

आता आमच्या मादीचं. तिचे पुढच्या पायांच्या मांडीवरचे पानासारखे पाळे, त्यांच्या कडेचे दाते, छातीवरचे बारीक कंगोरे, पोटाची रुंदी कुठल्या खंडाशी सर्वांत जास्त आहे, पुढच्या पंखांतल्या शिरा कशा फुटतात, हे सगळं आम्ही मोजलं. यांतली बरीच लक्षणं एकाच प्रजातीच्या माद्यांमध्येही बदलतात. रंगाचं तर बोलायलाच नको: एकाच मादीची पिल्लं हिरवी, पिवळी, तपकिरी होऊ शकतात. एका मादीकडे बघून 'हा फरक प्रजातीचा की या बाईचा' हे सांगता येत नाही. काडीकिडे आणि पर्णकीटकांमध्ये याच्या जोडीला अंडं फार बोलकं असतं. त्याचा आकार, झाकणाची ठेवण, कडेच्या पिसांसारख्या तंतूंची झालर. फिलिपीन्समधल्या एका प्रजातीत ही झालर पाणी लागलं की पसरते आणि अंडं पानाला किंवा सालीला चिकटतं. नरात पोटाच्या टोकाशी असलेला व्होमर हा आकड्यासारखा अवयव महत्त्वाचा.

अंडी तर आमच्याकडे येतच होती. मादी डब्याच्या तळाशी रोज एक-दोन, कधी जास्त, टपाटप टाकत होती. नैसर्गिक स्थितीत ती झाडावरूनच अंडी खाली भिरकावते, आणि पाचोळ्यात पडलेलं अंडं एखाद्या झाडाच्या बीसारखं दिसतं. वादाचा निकाल शेवटी या अंड्यांनीच लावला. मी म्हटलं, उबवून बघू. सर म्हणाले, "बघा, पण मूल्यांकनाच्या आत काही दिसलं तर बरं." दिसणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मुलुंडच्या बाल्कनीत

उबवणीचं काम महाविद्यालयात शक्यच नव्हतं. दिवाळीची सुट्टी, शनिवार-रविवारी बंद, प्रयोगशाळेत फॉर्मेलिनचा वास. म्हणून विद्यार्थिनीच्या मुलुंडच्या घरी, बाल्कनीत, व्यवस्था झाली. अर्धी अंडी तिच्याकडे, अर्धी माझ्याकडे. एकीकडे काही बिनसलं तर दुसरीकडची वाचावीत म्हणून.

ओलसर वाळू आणि नारळाच्या काथ्याचा भुसा, वर जाळीचं झाकण. मुंबईच्या हवेत अंडी सुकण्याची भीती नाही, बुरशीची आहे. ऑक्टोबरची उष्णता आणि रात्रीचा दमटपणा यांत दोन-तीन दिवस लक्ष नाही दिलं की पांढरी लव धरते. विद्यार्थिनीची आई जुन्या साबुदाण्याच्या डब्यातली अंडी दुपारी सावलीला सरकवायची आणि संध्याकाळी परत आणायची. तिला हा प्राणी शेवटपर्यंत आवडला नाही, पण डबा कधी उन्हात राहिला नाही.

मधल्या काळात मादी मेली. मरण्याआधी तिची जिवंतपणीची छायाचित्रं सर्व बाजूंनी घेऊन ठेवली होती, कारण हिरवा रंग मेल्यावर टिकत नाही. वाळताना तो पिवळट-तपकिरी होतो. मधल्या एका पायाचा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवला. पाय मधला, आणि एकाच बाजूचा. म्हणजे वर्णनासाठी दुसऱ्या बाजूचा शाबूत राहतो. मग ती टाचणीवर गेली, पंख आणि पाय पसरून. मुंबईत टाचलेला कीटक जपणं हे स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळ्यात कपाटात बुरशी, त्यानंतर कागदी उवा आणि संग्रह खाणारे बारीक भुंगेरे. डांबराच्या गोळ्यांवर भिस्त ठेवणारे संग्रह मी मोडलेले पाहिले आहेत. घट्ट झाकणाची पेटी आणि आत सिलिका जेल यांना पर्याय नाही.

पिल्लं २०२३ च्या मार्चमध्ये निघू लागली. अंड्यातून बाहेर पडणारा पर्णकीटक पानासारखा अजिबात नसतो: तांबूस-काळपट, तुरुतुरु पळणारा, लांबून मुंगळा वाटावा असा. पानं खायला लागला की मग हळूहळू हिरवा होतो आणि मंदावतो. खाण्यासाठी पेरूचीच पानं दिली. इथे मुंबईची पहिली अडचण आली. सोसायट्यांच्या आवारात पेरूची झाडं असतात, पण त्यांच्यावर कधी काय फवारलं आहे याचा भरवसा नसतो. डासांसाठी धूरफवारणी होते तेव्हा ती पानांवरही बसते. शेवटी ओळखीच्या एका काकांच्या, तळमजल्यावरच्या बागेतल्या झाडाची पानं ठरली आणि ती प्रत्येक वेळी धुऊनच आत जायची. धूर येणार असेल त्या दिवशी काका फोन करायचे: "आज पानं नेऊ नकोस गं, फवारा मारून गेलेत." आणि बाल्कनीतल्या पेट्या खोलीत जायच्या.

दुसरी अडचण गर्दीची. पेटीत पिल्लं दाटीने ठेवली तर ती एकमेकांच्या कडा कुरतडतात. शेजाऱ्याचं पोट खरोखरीचं पान समजून चावा घेतात. वर्णनासाठी वाढवलेल्या कीटकाच्या पोटाची कडाच जर भावंडाने खाल्ली असेल तर मोजायचं काय? म्हणून पेट्या वाढवल्या. कात टाकण्याच्या वेळी उलटं लटकायला पुरेशी उंची लागते आणि हवा कोरडी असेल तर पाय जुन्या कातीत अडकतात. एप्रिल-मेमध्ये आम्ही काही पिल्लं अशी गमावली.

एक गोष्ट पहिल्यापासून अनिश्चित होती: नर निघतील का? पर्णकीटकांच्या काही प्रजातींत नराशिवायही अंडी उबतात, आणि त्यातून फक्त माद्या येतात. आमची मादी मामांच्या पेरूवर येण्याआधी कुठल्या नराला भेटली होती का, हे सांगणारं कुणी नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या कातीनंतर काही पिल्लांच्या मिशा लांब दिसू लागल्या आणि पोट अरुंदच राहिलं, तेव्हा विद्यार्थिनीने रात्री अकरा वाजता मला छायाचित्र पाठवलं. खाली एकच शब्द होता: "मुलगा!" आपल्याकडे हा शब्द इतक्या आनंदाने उच्चारला गेल्याचं एरवी मला फारसं कौतुक नसतं, पण या वेळी मीही खूश झाले. नर मादीपेक्षा कमी काती टाकून आधी प्रौढ होतात. पावसाळा मध्यावर आला तोवर आमच्याकडे पंखवाले नर होते, त्यांच्या बहिणी अजून वाढत होत्या.

आणि मग नाव छापलं गेलं

त्याच वर्षी, २०२३ मध्ये, झूकीज या नियतकालिकात पर्णकीटकांच्या सात नव्या प्रजातींचं वर्णन करणारा मोठा निबंध आला. त्याची पार्श्वभूमी अशी: २०२१ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने अनेक जनुकांच्या आधारे पर्णकीटकांचा वंशवृक्ष मांडला होता, आणि त्यात नाव नसलेल्या बऱ्याच फांद्या दिसल्या होत्या. क्रिप्टोफिलियम हा नवा वंश आणि त्यातल्या १३ नव्या प्रजातीही त्याच वर्षी आल्या. २०२३ च्या निबंधाने राहिलेल्यांपैकी सात जणांना नावं दिली: तीन फिलिपीन्समधल्या, एक व्हिएतनाममधली, एक बोर्निओतली, एक जावाची, आणि सातवी नैर्ऋत्य भारतातली. तिचं नाव पल्क्रिफिलियम अनंगु.

विद्यार्थिनीने तो निबंध मला पाठवला तेव्हा सोबत काहीच लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी विभागात सरांनी "बघा, म्हणत होतो" असं म्हटलं. त्यांच्या बाजूने बघता ते खरंच होतं. आम्ही ऑक्टोबरात एका मादीवरून नाव छापलं असतं तर प्राधान्य आमचं झालं असतं. पण ते कशाचं प्राधान्य? आमच्या नावामागे एक मादी असती, तिचे जवळचे कोण आणि लांबचे कोण हे सांगणारं काहीच नसतं. ज्यांनी नाव दिलं त्यांच्यामागे अख्ख्या कुलाचा वंशवृक्ष होता आणि जगभरच्या संग्रहांतले नमुने होते. पहिलं असणं आणि बरोबर असणं यांत निवड करायची वेळ आली तर मी काय निवडेन हे मला माहीत आहे. मात्र तेवीस वर्षांच्या मुलीला पीएच.डी.चा अर्ज भरायचा असताना हे सांगणं मला सोपं गेलं नाही.

आता प्रश्न बदलला. आमचे कीटक अनंगुच आहेत का?

आम्ही छापील वर्णन आणि छायाचित्रं समोर ठेवून आई, मुली, मुलगे आणि अंडी, सगळं पुन्हा तपासलं. ठेवण बरीचशी जुळत होती. काही मापं थोडी बाहेर जात होती, मांडीच्या पाळ्यांच्या दात्यांमध्ये फरक वाटत होता. सरांच्या मते हा फरक दुसऱ्या प्रजातीसाठी पुरेसा होता, आणि आता तर आमच्याकडे नर, मादी, अंडं, सगळंच होतं. "आता काय अडलंय?" असं त्यांनी विचारलं.

अडलं होतं ते हे. आमचे सगळे नमुने एकाच आईची लेकरं होती. वीस भावंडं मोजली म्हणून वीस नमुने होत नाहीत. एका घराण्याचं नाक सरळ आहे म्हणून त्या गावाचं नाक सरळ आहे असं म्हणता येत नाही, तसं ते. डीएनएचीही तीच गत. प्राण्यांच्या ओळखीसाठी वापरला जाणारा सीओआय हा जनुकाचा तुकडा, साधारण ६५८ अक्षरांचा, मायटोकाँड्रियात असतो, आणि मायटोकाँड्रिया आईकडूनच येतात. म्हणजे आम्ही कितीही पिल्लांचा क्रम काढला तरी हाती येणार तो एकच क्रम, आईचा. एका खासगी बाहेरच्या प्रयोगशाळेकडून आम्ही तो काढून घेतला. पिल्लांवर पैसे घालवले नाहीत. त्यावर मुलुंडच्या बाल्कनीतलं तापमान, पेरूचं एकसुरी खाणं, कोकणापेक्षा वेगळी हवा. दात्यांतला फरक पिंजऱ्यात वाढल्यामुळे नाही हे कशावरून? आईच्या दात्यांची पिल्लांशी तुलना केली तर त्यांच्यातही थोडा फरक निघत होता. सरांना सगळ्यात शेवटी पटलं ते हेच: आई आणि मुलीत जर एवढा फरक असेल तर आमच्या आणि अनंगुच्या माद्यांमधला तेवढाच फरक प्रजातीचा मानायचा तरी कसा?

ठरलं काय

नमुन्यांच्या लेबलावर 'पल्क्रिफिलियम कॉन्फर अनंगु' असं लिहायचं ठरलं. 'कॉन्फर' म्हणजे 'याच्याशी ताडून पाहा': हा अनंगुसारखा आहे, पण तोच आहे असं आम्ही अजून म्हणत नाही. वर्गीकरणात ही अगदी प्रतिष्ठित जागा आहे, फक्त तिच्यावर बातमी होत नाही. आईला वेगळा क्रमांक, प्रत्येक पिल्लाच्या लेबलावर 'पिंजऱ्यात वाढवलेले, अमुक क्रमांकाच्या मादीची संतती' अशी नोंद. हे लेबल नसेल तर पन्नास वर्षांनी कुणीतरी त्यांना वीस स्वतंत्र नमुने समजून मोजेल. अंड्यांची रिकामी कवचंही जपली, कारण झालर त्यांच्यावरच असते.

नमुने कुठे ठेवायचे यावर फार चर्चा झाली नाही. जैविक विविधता कायदा २००२ च्या कलम ३९ प्रमाणे भारतात नवी प्रजाती शोधणाऱ्याने त्याची सूचना नेमलेल्या भांडाराला देऊन नमुने तिथे जमा करायचे असतात. आमची प्रजाती नवी ठरली नव्हती, म्हणजे कलम लागू होतं का यावर कायद्याचा कीस काढता आला असता. पण महाविद्यालयाच्या कपाटाचं आयुष्य मला ठाऊक आहे: जबाबदार माणूस निवृत्त झाला की पुढच्या दोन पावसाळ्यांत पेटीत भुसा उरतो. म्हणून भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय केंद्राशी पत्रव्यवहार सुरू केला, आणि फक्त दोन पिल्लं शिकवण्यासाठी विभागात ठेवली. उरलेली जिवंत पिल्लं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सोडायची सूचना एका सहकाऱ्याने केली होती. ती अर्थातच फेटाळली. दोडामार्गचा कीटक बोरिवलीत सोडला तर पुढे तिथे सापडणाऱ्या कुठल्याही पर्णकीटकाच्या नोंदीवर विश्वास ठेवता येणार नाही. शिवाय वनखात्याच्या परवानगीशिवाय उद्यानात असलं काही करणं बेकायदा.

विद्यार्थिनीचा निबंध शेवटी झाला, वेगळाच. अंडी उबण्याचा काळ, काती, नर-मादीच्या वाढीतला फरक, कोवळ्या पिल्लांचा रंगबदल, आणि मुंबईसारख्या दमट शहरात हे कीटक वाढवताना काय काय बिघडतं. तिला वाटत होतं त्यापेक्षा तो जास्त उपयोगी आहे असं माझं मत आहे, कारण पश्चिम घाटातल्या कुठल्याही पर्णकीटकाचं कुणीही वर्णन करायला घेतलं तर त्याला नराची वाट बघावी लागणारच. आजीच्या नावाचा विषय आम्ही काढला नाही. तिनेच एकदा काढला. "आजीला विचारलं मी," ती म्हणाली. "ती म्हणते, किड्याला कशाला माझं नाव?"

पुढचं काम गावातच आहे. पहिल्या पेरूपासून लांबवरच्या, वेगवेगळ्या वाड्यांतल्या बागांमधून एकमेकींशी नातं नसलेल्या माद्या हव्यात, आणि त्यांच्यासोबत जंगलात वाढलेले नर. त्यासाठी मामांनी शेजारच्या आंबा-पेरूच्या बागायतदारांना छायाचित्रं दाखवून ठेवली आहेत आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारणी करण्याआधी फोन करायला सांगितलं आहे. राखीव जंगलातून काही घ्यायचं झालं तर परवानगीचा अर्ज वेगळा करावा लागेल. तो मसुदा तयार आहे. या माद्यांच्या दात्यांत आमच्या घराण्यासारखाच फरक दिसला, डीएनएही अनंगुपासून तितकाच दूर गेला, आणि अंड्यांनी दुजोरा दिला, तर नव्या नावाचा विचार करता येईल. तसं नसेल तर अनंगुच्या वावराची एक उत्तरेकडची नोंद म्हणून एक छोटं टिपण लिहायचं, दीड-दोन पानांचं.